नासलेली नीळ

"खोटं बोल म्हंजे... कसलं खोटं, अक्का?"

बनाक्कानं माठाच्या तोंडावरचं फडकं बाजूला सारलं, नाक आत घातलं आणि तोंड वाकडं केलं.

"नासली," ती म्हणाली.

एवढंच.

समोर सगुणा उभी होती. हातात लोकरीच्या सुताची ओली लड, आणि मान ताठ. मान तिची कायमच ताठ असायची. त्या मानेचं पुढं सांगतो.

आधी निळीचं सांगायला हवं. नीळ म्हणजे पांढऱ्या कपड्यांना घालायची बाटली, एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांनी जरा कान द्या. झाडापासून काढलेल्या निळीची वडी नुसत्या पाण्यात विरघळत नाही. कितीही घोटा, सुताला धरत नाही. ती माठात घालायची. सोबत गूळ, टाकळ्याचं शिजवलेलं बी, आणि लोकरीला सोसेल इतपतच चुना. मग माठ झाकून उबेला ठेवायचा. आत सगळं आंबतं, पाणी हिरवट-पिवळं होतं, वर तांबूस साय धरते. त्याला नीळ 'उठली' म्हणतात. उठायच्या ऐवजी कुजका वास मारायला लागली, की नासली.

आणि नासली की आमच्याकडच्या रंगाऱ्यांचा उपाय एकच. गावात जायचं आणि एक सणसणीत खोटं पसरवायचं.

शहाण्यांनी खुशाल नाकं मुरडावीत. आमच्या बापजाद्यांनी हे पाहिलंय. एका रंगाऱ्यानं म्हणे गावामागचा डोंगर चार हात सरकल्याची आवई उठवली, आणि अर्धं गाव बघायला गेलं. नीळ उठली की रंगारी परत यायचा, "खोटं होतं हो" म्हणायचा आणि ज्याला त्याला गुळाचा खडा द्यायचा. हिशेब मिटला. अजूनही आमच्याकडे कुणी अचाट काही बोललं, की लोक विचारतात, "काय रे, कुणाची नीळ नासली?"

बनाक्का ही त्या रंगाऱ्यांमधली शेवटची. म्हातारी, एकटी, कोपरापर्यंत निळी. तिनं कधी कुणाला शिकवलं नव्हतं. विचारायला गेलेल्याला ती पाणी द्यायची आणि वाटेला लावायची.

सगुणा मात्र वाटेला लागली नाही.

ही बिरू धनगराची धाकटी बहीण. नवऱ्यानं घालवून दिलेली. का, तर तोंडाळ म्हणून. घरात काही चुकीचं दिसलं की ही बोलायची, आणि बोललेलं नेमकं खरं निघायचं. सासरच्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीन वर्षांपूर्वी एके दिवशी पिशवी हातात दिली आणि एसटीत बसवली.

भावाकडे आली आणि बिरूच्या मेंढरांच्या पांढऱ्या लोकरीत तिनं हात घातले. चातीवर सूत काढायचं आणि वहिनीच्या चुलीवर रंगवायचं. तुरटीच्या पाण्यात भिजवून कांद्याच्या टरफलांत घातलं, तर सोनेरी आलं. डाळिंबाच्या सालीत पिवळं. त्याच पिवळ्यात गंजके खिळे भिजवलेलं पाणी ओतलं, तर शेवाळी. एकदा उकळती लड घाईनं गार पाण्यात बुडवली. लोकर आवळून तिचा जाड, घट्ट नमदाच झाला. वहिनी अजून त्यानं तवा उतरवते.

कुणाला विचारणं नाही, कुणाचं ऐकणं नाही. चुकलं तर परत.

फक्त निळा येईना. गोकर्णीची फुलं उकळली. पाणी निळंशार झालं, लडही निळी दिसली. सगुणा उड्या मारत अंगणात आली. एक धुणं पडलं आणि सूत मळकट पांढरं होऊन हातात आलं. त्या दिवशी ती रडली. नवऱ्यानं एसटीत बसवलं तेव्हा रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती बनाक्काच्या ओट्यावर येऊन बसली. बनाक्कानं पाणी दिलं. ती प्याली आणि बसूनच राहिली.

शेवटी बनाक्का म्हणाली, "माठ भर. झाक. सांगेस्तोवर उघडायचा न्हाई."

"का?"

"वारं लागतं."

"मग कळणार कसं आत काय चाललंय?"

बनाक्कानं रिकामा माठ तिच्यापुढे ढकलला...

आणि आता माठ नासला होता.

"उघडलास?" बनाक्कानं विचारलं.

"उघडला."

"कवा?"

"रोज. काठीनं ढवळला पण. मी खोटं बोलत न्हाई."

"बघायची एवढी घाई?"

"बघितल्याबिगर माणूस शिकंल कसा?"

म्हातारीनं फडकं परत माठावर ओढलं. चिडली नाही. चिडली असती तर बरं वाटलं असतं, असं सगुणाचं तोंड झालं होतं.

"तू नासवलीस, तू उठव," बनाक्का म्हणाली. "सांगितलं न्हवं? गावात जा. खोटं बोल."

"मला न्हाई जमायचं."

"का?"

"जन्मात बोलले न्हाई. खऱ्यापायी तर नवऱ्याचं घर सुटलं. आता एका मडक्यासाठी बोलू?"

बनाक्का चुलीतली राख काढायला लागली. गरम राख माठाच्या बुडाभोवती पसरता पसरता ती सहज म्हणाली, "दसऱ्याला नांदायला चाललीस म्हणं."

सगुणानं हातातली लड घट्ट पिळली.

हे गावात सगळ्यांना माहीत होतं. सासू अंथरुणाला खिळली, तेव्हा त्या घराला सून आठवली. फोन आला. बिरूनं "आणून घालतो" म्हणून शब्द दिला. वहिनीनं शेजारी सांगितलं, शेजारणीनं डेअरीवर, आणि डेअरीवर गेलेलं सांगायला पुन्हा माणूस लागत नाही.

"कोण म्हणालं?" सगुणानं विचारलं.

"सगळंच."

"मी हो म्हटलं न्हाई."

"न्हाई म्हणलीस?"

"दादानं मला विचारलंच न्हाई. तो सांगत होता."

"मग तू काय केलंस?"

"गप बसले."

"हं."

"गप बसणं म्हंजे खोटं बोलणं न्हवं, अक्का."

बनाक्कानं राखेचे हात लुगड्याला पुसले आणि माठाकडे बघून खरोखर नवल वाटल्यासारखं बोलली. "एवढं मोठं खोटं गावभर हिंडतंय. तरी माझी नीळ नासली कशी?"

सगुणाचा चेहरा लाल झाला. ती उठली. लड माठाशेजारी आपटली.

"तुमचा माठ तुम्ही बघा. मी चालले."

"चाललीस तर ज्वारी ने दळायला," बनाक्का म्हणाली आणि डबा तिच्या हातात दिला. "आन् नीळ उठली म्हणून सांगावा येस्तोवर हिकडं फिरकायचं न्हाई."

रागावलेल्या माणसाच्या हातात डबा दिला की त्याला तो न्यावाच लागतो. सगुणा फणफणत गिरणीकडे गेली.

गिरणीत बायकांची दाटी, पट्ट्याची खडखड. पारूकाकू सगळ्यात पुढं. हिच्या तोंडून निघालेली बातमी जेवणाआधी दुसऱ्या गावात पोचते.

"सगुणा! दसऱ्याची साडी घेतली का गं?" पारूकाकू ओरडली.

"न्हाई."

"काय?"

"न्हाई घेतली!"

"मग नेसून काय जाशील?"

"जाणार न्हाई!"

"काय म्हणतीस? ऐकू येत न्हाई बाई!"

सगुणानं डबा खाली ठेवला. छाती भरून श्वास घेतला. आणि नेमकी त्याच वेळी लाईट गेली. गिरणी घरघरून थांबली, आणि सगुणाचं बोलणं त्या शांततेत सापडलं.

"मी नांदायला जाणार न्हाई! त्यांची आई आजारी हाय, त्यांनी बघावी. लेक धडधाकट हाय. मी हितंच राहणार, आन् बनाक्काचा माठ मी चालवणार!"

बायकांनी डबे खाली ठेवले.

सगुणाची मान ताठ होती. तीन वर्षांपूर्वीची तोंडाळ सगुणा परत गावात आली होती आणि ते तिचं तिलाही कळलं.

मग पारूकाकूनं कपाळाला हात लावला.

"अगं बया! अक्काची नीळ नासली वाटतं!"

हशा पिकला. पिठाच्या डब्यावर थापा पडल्या. "काय ठासून बोलली!" "मला तर बाई खरंच वाटलं!" "डोळं कसं मोठं केलं बघा!"

"हसताय काय? खरं सांगतेय मी."

"खरंच म्हणायचं असतंय गं ते, न्हाईतर नीळ कशी उठंल?"

"काकू, शपथ..."

"एक सांग. नीळ नासलीय का न्हाई?"

आता काय करणार? खोटं बोलणारी असती तर नाही म्हणाली असती.

"नासलीय," सगुणा म्हणाली.

हशाची दुसरी लाट उसळली. पिठानं पांढरा झालेला गिरणीवाला भिंतीला टेकून डोळे पुसत होता.

घरी जाऊन सगुणा भिंतीकडे तोंड करून बसली. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या गावासमोर मनातलं बोलली, आणि गावानं टाळ्या पिटल्या. वहिनीनंही हसत विचारलं, "काय वन्सं, लई रंगवलं म्हणं आज?"

दुसऱ्या दिवशी ती डेअरीवर गेली. तिथंही तेच सांगितलं. तिथंही हसले. देवळाच्या कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "डोंगर सरकल्यापेक्षा ही थाप भारी."

तिसऱ्या जागी सांगताना मात्र छाती भरून श्वास घ्यावा लागला नाही. चौथ्या जागी तर तिला राग येणंही थांबलं. हसताय ना, हसा. मी परत सांगते. ज्वारी निवडताना सांगते, नळावर सांगते. आधी तिला वाटत होतं, लोकांनी खरं धरलं पाहिजे. आता वाटायला लागलं, ते त्यांचं ते बघतील. मला माझं बोललेलं ऐकू येतंय.

नळावर एक म्हातारी होती, कोंडाबाई. हसली नाही. कळशी भरली, उचलली नाही. हळूच म्हणाली, "माझ्या वेळंला, मला परत नांदायला धाडलं तवा, कुणाची नीळ नासली न्हाई गं."

सगुणानं तिची कळशी घरापर्यंत नेली.

या दिवसांत बनाक्काच्या माठाचं झाकण कुणी उघडलं नाही. उघडायला होतं कोण?

सांगावा आला तेव्हा सकाळ झाली होती. सगुणा धावत गेली. माठाच्या तोंडावर तांब्याच्या भांड्यासारखी साय आली होती, आणि वास बदलला होता.

"उठली!" सगुणा ओरडली.

"लड भिजव आधी. कोरडी घालशील," बनाक्का म्हणाली.

सगुणानं भावाच्या मेंढरांची पांढरी लड पाण्यात भिजवली, पिळली, आणि बुडबुडा न करता हलकेच माठात सोडली. या वेळी काठी घेतली नाही. काय चाललंय ते बघायला वाकलीही नाही. हात गुडघ्यावर ठेवून बसली.

तेवढ्यात बिरू आला. पायांत चपला नव्हत्या, म्हणजे घाईनं निघाला होता. बनाक्कासमोर त्यानं आवाज चढवला नाही.

"अक्का, नीळ उठली ना?"

"उठली."

"देव पावला." तो मटकन ओट्यावर बसला. "पाव्हण्यांचा फोन आला होता. कुणीतरी हितली आवई तिकडं पोचवली. मी सांगितलं, अहो तसं काय न्हाई, आमच्या अक्काची नीळ नासलीय. तर ते हसलंच न्हाईत. त्यांच्या तालुक्यात रंगारी न्हाईत, अक्का. त्यांनी खरंच धरलं."

बनाक्काच्या गालावरची एक सुरकुती हलली. हसली की काय, कोण जाणे.

"म्हणाले, उद्या आणून घालतोस का कायमची ठेवून घेतोस?" बिरूनं खिशात हात घातला. कागदात बांधलेला गुळाचा मोठा खडा बाहेर काढला. घरून येतानाच घेऊन आला होता बिचारा. "सगुणे, हा घे. सगळ्यांना वाट. 'खोटं होतं हो' म्हण. रीत हाय. मग मी पाव्हण्यांना फोन लावतो, तू दोन शब्द बोल."

सगुणानं गूळ घेतला नाही.

"दादा, खोटं न्हवतं."

"पुरं झालं आता. नीळ उठलीय."

"नीळ नासली नसती तरी मी हेच बोलले असते... न्हाई. बोलले नसते. गपच बसले असते. पण खोटं न्हवतं."

बिरूनं तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिचं ऐकत असल्यासारखं.

"मी शब्द दिलाय, सगुणे."

"माझा दिलास. मला न विचारता."

"लोक काय म्हणतील मला? आन् उद्या मी मेलो तर तुला कोण बघणार? वहिनी बघंल? पोरं बघतील? मी काय तुझ्या वाईटावर हाय का?" वाईटावर नव्हताच तो. लहानपणी हिला खांद्यावर बसवून मेंढरांमागं न्यायचा.

"वाईटावर न्हाईस, दादा," सगुणाही रडत होती, पण मान खाली गेली नाही. "पण तिकडं मला कोण बघतंय? मी सासूचं अंथरूण बघायचं, आन् मला बघायला कोण? मी न्हाई जाणार. तू दारात घेतलं न्हाईस, तर हितं अक्काच्या ओट्यावर झोपंन. हातपाय धरून नेलंस, तर तिकडं गिरणीत उभी राहून हेच सांगंन. तिथं तर कुणी हसणारही न्हाई."

बनाक्कानं माठाकडे बोट केलं.

सगुणानं डोळे पुसले, हात घातला आणि लड वर काढली. कडेला पिळली. उघड्या हातांवर धरली.

लड पिवळी होती. आंबट-हिरवट पिवळी.

"ही निळी?" बिरू म्हणाला. आशेनंच म्हणाला. "अक्का, नासलीच हाय अजून. सगळं फुकट."

लडीच्या कडा हिरव्या झाल्या. मग हिरवं आत सरकलं. सगुणानं एकेक पदर मोकळा केला, वारं लागू दिलं. जिथं वारं लागलं तिथं निळं उमटत गेलं, आणि तिघांच्या डोळ्यांदेखत, वरून काहीही न घालता, सगळी लड निळी झाली. भर दुपारच्या आभाळासारखी नव्हे. त्याहून गडद.

बिरू त्या लडीकडे बघत राहिला. मग सगुणाकडे. मग शेवटचा आधार म्हणून बनाक्काकडे वळला आणि गुळाचा खडा तिच्यापुढे धरला.

"अक्का, तुम्हीच घ्या. तुम्ही रंगारीण. तुम्ही वाटला तरी चालतंय. तुमच्या तोंडून गाव ऐकंल."

बनाक्कानं गूळ घेतला. कागद सोडला. खडा तळहातावर तोलला. बिरूच्या जिवात जीव आला.

तिनं तो खडा माठात सोडला, फडकं ओढलं आणि वर झाकण ठेवलं.

बिरू ओट्यावरून उठला.

"अक्का... मग ही बोलली ते खरं का खोटं? मला एकदा सांगा. पाव्हण्यांना काय सांगू मी?"

बनाक्कानं सगुणाच्या हातांतून ती ओली लड घेतली आणि बिरूच्या हातांत ठेवली. त्याचे तळवे निळे झाले.

"लड धुऊन बघ," ती म्हणाली.